भाडेकरूच्या घराचा विमा कोणी उतरवायचा? पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्यवस्थापक समित्यांना खुलं पत्र

सन्माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली अकरा वर्षं मी सिंहगड रस्ता परिसरात भाड्याने राहते. या काळात तीन सोसायट्या झाल्या. तिन्ही ठिकाणी राहायला जाताना पोलीस पडताळणीची पावती, नोंदणी केलेल्या कराराची प्रत, घरातल्या सगळ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स, गाड्यांचे नंबर असं सगळं कार्यालयात नेऊन दिलं. तिन्ही वेळा रजिस्टरमध्ये सही केली. एक प्रश्न मात्र मला कुणी विचारला नाही आणि मीही कुणाला विचारला नाही. या घराला आग लागली, घरात पाणी शिरलं, तर भिंतींचं नुकसान कोण भरणार आणि आतल्या सामानाचं कोण?

उत्तर मला दुसऱ्या सोसायटीत, रविवारी पहाटे साडेचार वाजता मिळालं.

आमच्या वरचा फ्लॅट महिनाभर रिकामा होता. जुने भाडेकरू गेले होते, नवे यायचे होते, मालक परदेशात. त्या फ्लॅटमधल्या वॉशबेसिनखाली नळाला जोडणारी वीतभर लांबीची नळी फुटली. रात्रभर पाणी वाहत राहिलं आणि स्लॅबमधून झिरपत आमच्या फॉल्स सीलिंगवर साठलं. मला जाग आली ती सासूबाईंच्या हाकेने. त्यांच्या खोलीतलं छत मधोमध फुगून खाली आलं होतं, पंख्याच्या दांड्यावरून धार लागली होती. यजमानांनी आधी मेन स्विच बंद केला आणि आम्ही सासूबाईंना बाहेर आणलं. पाचेक मिनिटांत छताचा मोठा तुकडा पलंगावर पडला.

पाणी बंद करायला चाळीस मिनिटं लागली. गच्चीवर टाकीजवळ व्हॉल्व्हची रांग होती, पण कोणता व्हॉल्व्ह कोणत्या लाइनचा हे वॉचमनदादांना ठाऊक नव्हतं. कुठे रंगाची खूण नाही, नंबर नाही. शेवटी त्यांनी सगळेच बंद केले. वरच्या फ्लॅटची किल्ली मालकांच्या भावाकडे होती, आणि ते चिंचवडला.

उजाडल्यावर हिशेब लागला. टीव्ही, लॅपटॉप, दोन गाद्या, माझं ओव्हरलॉक मशीन आणि मुलीची दहावीची पुस्तकं हे आमचं सामान. फॉल्स सीलिंग, वायरिंग आणि भिंतीतलं प्लायवूडचं कपाट हे मालकांचं. त्या कपाटाचं सनमायका दोन दिवसांत सुटलं, दारं फुगून लागेनाशी झाली आणि ओल्या प्लायचा वास पुढे महिनाभर घरात राहिला. मुलीची मार्कशीट आणि सासूबाईंची पेन्शनची कागदपत्रं आम्ही कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी लावून वाळवली. आमचं नुकसान पंचाऐंशी हजारांच्या आसपास होतं. मालकांचं त्याहून जास्त.

मग प्रत्येकाने आपापला विमा शोधायला घेतला.

आमचे मालक नाशिकला राहतात. माणूस सरळ आहे, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. ते म्हणाले, "काळजी करू नका, कर्ज काढलं तेव्हाच घराचा विमा उतरवलाय." कागद काढून पाहिला तर ती त्यांच्या आयुर्विम्याची पॉलिसी होती. त्यांचं काही बरंवाईट झालं तर बँकेचं कर्ज फेडणारी. घराच्या विटेचाही त्यात उल्लेख नव्हता. नऊ वर्षं ते त्या कागदाला घराचा विमा समजत होते. ही गैरसमजूत तुमच्या सोसायटीतही दहांतल्या चार-पाच जणांची असेल असं मला वाटतं, एकदा विचारून पाहा. बँकेने कर्जासोबत दिलेला विमा काही वेळा खरोखर इमारतीचा असतो, काही वेळा फक्त कर्जदाराच्या जिवाचा. पहिलं पान वाचल्याशिवाय ते कळत नाही.

सोसायटीची पॉलिसी होती. सचिवांनी ती फाइलमधून काढून दाखवली. आग आणि भूकंप या जोखमींसाठी सामाईक इमारतीचा विमा होता, रक्कम कित्येक वर्षांपूर्वी ठरवलेली. फ्लॅटमधल्या सामानाचा त्यात प्रश्नच नव्हता. परदेशातल्या मालकांनी कळवलं की नळी नळाची, नळ सोसायटीच्या लाइनचा, त्यामुळे जबाबदारी सोसायटीची. समिती म्हणाली, फ्लॅटच्या आतलं सगळं सभासदाचं. आदर्श उपविधीही (सहकारी सोसायट्यांच्या कारभाराची नमुना नियमावली) तेच सांगतात: गच्चीतून होणारी गळती सोसायटीची, संडास-बाथरूम-सिंकमुळे होणारी आतली गळती त्या सभासदाची. समितीचं म्हणणं बरोबर होतं. पण आमच्या हातात काही पडलं नाही, कारण त्या सभासदाशी आमचा कोणताच करार नव्हता.

आम्ही भाडेकरू, आमच्याकडे कसलाच विमा नव्हता. तो काढता येतो हेच मला माहीत नव्हतं.

सहा महिन्यांनी घर सोडताना काकांनी छताच्या कामाचे म्हणून डिपॉझिटमधून पंधरा हजार कापायचं ठरवलं. करारात वाक्य होतं, की नेहमीची झीज वगळता जागा होती त्या स्थितीत परत करावी. त्यांच्या लेखी जागा त्या स्थितीत नव्हती. माझ्या लेखी पाणी वरून आलं होतं. दोघांच्याही म्हणण्याला आधार होता, कारण करार या बाबतीत गप्प होता. दोन महिने फोन, नाराजी, मध्यस्थी झाली. शेवटी अर्धे-अर्धे केले, पण सणासुदीला येणारा त्यांचा फोन त्यानंतर बंद झाला. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं.

हे सगळं तुम्हाला का लिहिते आहे ते सांगते. त्या प्रसंगानंतर मी या विषयाचं मिळेल ते वाचलं, एका ओळखीच्या वकीलताईंकडून समजून घेतलं. आणि लक्षात आलं की पुण्यात आपण ज्याला भाडेकरार म्हणतो त्यात भाडेकरूची बाजू कायद्याने आपोआप सावरली जात नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्याबद्दल चांगल्या तरतुदी आहेत. आग, वादळ, पूर यांमुळे जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला आणि त्यात भाडेकरूची चूक नसेल, तर त्याला पट्टा रद्द करता येतो. जागा परत करताना वाजवी झीज आणि कुणालाच आवरता न येणारी आपत्ती, यांची त्याला सूट असते. पण आपले अकरा महिन्यांचे करार बहुतेक लीव्ह अँड लायसन्सचे. लायसन्स म्हणजे सुविधाधिकार कायद्यातली नुसती वापराची परवानगी, जागेत हक्क निर्माण न करणारी. म्हणून आपत्तीत कोणी काय सोसायचं हे आपल्या बाबतीत मुख्यतः कराराच्या मजकुरावर ठरतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक केलं आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. कागद होतोच आहे, त्याची नोंदणीही होते आहे. माझ्या तीन करारांत पाळीव प्राण्यांबद्दल वाक्य होतं, भिंतीत खिळे ठोकण्याबद्दल होतं. विम्याबद्दल एकातही नव्हतं.

मुळात वाटणी अवघड नाही. ज्या वस्तूच्या नुकसानीने ज्याचा खिसा रिकामा होतो, विमा त्याने काढायचा. भिंती, स्लॅब, वायरिंग, भिंतीत बसवलेलं कपाट, मॉड्युलर किचन, गीझर हे मालकाचं. आपण आणलेला टीव्ही, फ्रिज, गाद्या, कपडे, भांडी हे भाडेकरूचं. जिना, लिफ्ट, पंप, मीटर रूम, टाक्या, कंपाउंडची भिंत हे सोसायटीचं. मालकाची पॉलिसी भाडेकरूच्या फ्रिजचे पैसे देणार नाही आणि भाडेकरूला मालकाच्या भिंतीचा विमा काढायची गरज नाही.

एक बाजू मात्र फारशी कुणी सांगत नाही. मालकाच्या विम्यामुळे भाडेकरू सुरक्षित होतो असं नाही. विमा कंपनीने मालकाला भरपाई दिली की ज्याच्या चुकीने नुकसान झालं त्याच्याकडून ती वसूल करण्याचा मालकाचा हक्क कंपनीकडे येतो. इस्त्री चालू राहून आग लागली आणि निष्काळजीपणा भाडेकरूचा ठरला, तर तो हक्क भाडेकरूविरुद्ध वापरता येतो. म्हणून भाडेकरूने सामानाच्या विम्यासोबत, आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या दायित्वाचं संरक्षण जोडून मिळतं का, हे पॉलिसी घेतानाच विचारावं.

आणि पॉलिसी मिळते. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची पॉलिसी लागू केली आहे. मूळ मजकूर सगळ्या कंपन्यांत सारखाच, त्यामुळे तुलना सोपी. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल यांच्यासोबत पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटणं किंवा ओसंडून वाहणं हेही त्यात आहे. म्हणजे आमच्या रविवारच्या पहाटेचं नुकसान त्यात बसलं असतं. वर्षानुवर्षं भिंतीत मुरणारी ओल त्यात बसत नाही, ती देखभालीची बाब. मालकाने इमारतीचा विमा घेतला की घरातल्या साध्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. पण ते मालकाच्या सामानाला. भाडेकरूला याच नमुन्यात फक्त सामानाची पॉलिसी घेता येते. घर राहण्यायोग्य न राहिल्याने बुडालेल्या भाड्याची तरतूदही या पॉलिसीत आहे. घर भाड्याने देऊन त्यावर हप्ते फेडणाऱ्या मालकांनी ती जरूर वाचावी. घरफोडीचं संरक्षण मात्र वेगळं मागून घ्यावं लागतं. मूळ पॉलिसीत चोरी धरली जाते ती फक्त विमा असलेल्या आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत झालेली.

मालक मंडळींचा एक गैरसमज हप्त्याबद्दल असतो. घराची किंमत ऐंशी लाख, मग विमाही ऐंशी लाखांचा, एवढा हप्ता कोण भरणार? पण जमिनीचा विमा निघत नाही. विमा निघतो तो बांधकामाचा: कार्पेट क्षेत्रफळ गुणिले आजचा बांधकाम खर्च. सहाशे चौरस फूट आणि चौरस फुटाला अडीच हजार धरले तर ती रक्कम पंधरा लाख होते. माझ्या सामानाच्या पॉलिसीचा वर्षाचा हप्ता आमच्या महिन्याच्या दुधाच्या बिलापेक्षा कमी आहे. मालकांनी मात्र पॉलिसी घेताना फ्लॅट भाड्याने दिला आहे हे कंपनीला लिहून कळवावं. पुढे भाडेकरू बदलला, फ्लॅट महिना-दोन महिने बंद राहिला, तरी कळवावं. क्लेमच्या वेळी असल्या न सांगितलेल्या गोष्टी आडव्या येतात.

आता सोसायटीच्या पॉलिसीबद्दल. मेंटेनन्सच्या बिलात विम्याचा खर्च असतो आणि आदर्श उपविधीप्रमाणे तो फ्लॅटच्या क्षेत्रफळानुसार विभागला जातो. अनेक करारांत मेंटेनन्स भाडेकरूने भरायचं असतं. शिवाय फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लागतात, त्यांचा भारही बहुतेक वेळा भाड्यातच येतो. म्हणजे इमारतीच्या विम्याचे पैसे भाडेकरूच्या खिशातून जातात, पण तो सभासद नसल्याने त्याला ना ती पॉलिसी मागता येते, ना वार्षिक सभेत तिच्याबद्दल विचारता येतं. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि तो दूर करायला कायदा बदलावा लागत नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानाची प्रत सूचना फलकावर लावली तरी पुरे. कोणत्या जोखमी, किती रक्कम, कधीपर्यंत, एवढं प्रत्येक रहिवाशाला कळू द्या. रक्कम दहा वर्षांपूर्वीची असेल तर सभासदांनाही ते तिथेच दिसेल.

पूर आला की या गोष्टी सगळ्यांना एकदम आठवतात. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आंबिल ओढ्याचं पाणी सोसायट्यांत शिरलं, २०२४ च्या जुलैमध्ये आमच्याच भागात एकता नगरीत मुठेचं पाणी आलं. दोन्ही वेळा तळमजल्यावरच्या खोल्या आणि पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या. गाडीचं नुकसान घराच्या पॉलिसीतून मिळत नाही, ते गाडीच्या पॉलिसीतून मिळतं, तेही स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण घेतलं असेल तरच. फक्त थर्ड पार्टी विमा असलेल्या दुचाकीला काहीच मिळत नाही. ओढ्याकाठच्या, नदीकाठच्या सोसायट्यांनी पावसाळ्याआधीच्या नोटिशीत एवढी एक ओळ घातली तर किती जणांचं भलं होईल.

एक गोष्ट गॅसची. सिलिंडरच्या अपघातासाठी तेल कंपन्यांनी ग्राहकांकरता सार्वजनिक दायित्व विमा घेतलेला असतो. पण त्यातली मालमत्तेची भरपाई, एका घटनेला कमाल दोन लाख रुपये, ग्राहकाच्या नोंदलेल्या पत्त्यावरच लागू होते. भाडेकरू घर बदलतात, सिलिंडर आणि शेगडी टेम्पोत टाकून नेतात आणि कनेक्शनचा पत्ता जुनाच राहतो. मीही दोनदा तसंच केलं होतं. नवा भाडेकरू आला की त्याला गॅसचा पत्ता बदलून घ्यायला सांगणं हे पोलीस पडताळणीइतकंच महत्त्वाचं समजा.

माझं सर्वांत कळकळीचं मागणं कागदाचं आहे. आमच्याकडे पाणी आलं त्या दिवशी मी सचिवांना विनंती केली होती, की अमुक वेळी वरच्या फ्लॅटमधून पाणी आलं आणि अमुक नुकसान दिसलं, एवढं सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून द्या. ते म्हणाले, "कशाला ताई, उगाच कोर्टकचेरी व्हायची." त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना भांडण टाळायचं होतं. पण तसं पत्र नसेल तर विमा असूनही क्लेम लंगडा पडतो. नुकसान पाहायला विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो तेव्हा फरशी पुसलेली असते, छताचा राडारोडा उचललेला असतो. घटना घडली त्याच दिवशी दोन समिती सदस्यांनी जागा पाहावी, फोटो काढावेत, चार ओळी लिहून सही-शिक्का करून द्यावा. त्यात दोष कुणाचा हे लिहायची गरज नाही, काय दिसलं तेवढंच लिहा. भाडेकरूलाही द्या, तो सभासद नाही म्हणून नाकारू नका. क्लेम चुकीच्या कारणाने नाकारला गेला तर पुण्यात विमा लोकपालांचं, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांचं, कार्यालय आहे, तिथे सामान्य माणसाला वकिलाशिवाय तक्रार करता येते. पण तिथेही पहिला प्रश्न पुराव्याचाच येतो.

आणि गच्चीवरच्या व्हॉल्व्हना नंबर घाला. रंगाचा एक डबा आणि एका माणसाची दुपार, एवढंच काम आहे. बंद फ्लॅटच्या मालकांकडून आतला मुख्य कॉक बंद केल्याचं कळवून घ्या आणि एक किल्ली पुण्यातल्या कुणाकडे आहे त्याचा फोन नंबर कार्यालयात ठेवा.

सध्याच्या घराच्या कराराचं गेल्या महिन्यात नूतनीकरण झालं. मालकीणबाईंशी मी आधी फोनवर बोलले. त्यांना वाटलं मी खर्च त्यांच्यावर ढकलते आहे. मग त्या घरी आल्या, आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि खोली-खोलीत फिरून यादी केली. गीझर त्यांचा, पाणी शुद्ध करण्याचं यंत्र माझं, पडद्यांचे रॉड त्यांचे, पडदे माझे. तासाभराचं काम. करारात जो परिच्छेद घातला तो असा (त्यातला परवानाधारक म्हणजे भाडेकरू आणि परवाना शुल्क म्हणजे भाडं):

"जागेच्या बांधकामाचा आणि परिशिष्टात नमूद केलेल्या मालकाच्या वस्तूंचा विमा मालक स्वखर्चाने उतरवील व चालू ठेवील आणि जागा परवान्याने दिल्याचे विमा कंपनीस कळवील. परवानाधारक स्वतःच्या सामानाचा विमा स्वखर्चाने उतरवील. आग, पूर, पाण्याची गळती अगर अन्य आपत्तीमुळे परवानाधारकाचा दोष नसताना झालेल्या नुकसानीची रक्कम अनामत रकमेतून कापली जाणार नाही. जागा राहण्यायोग्य न राहिल्यास त्या काळाचे परवाना शुल्क आकारले जाणार नाही आणि पंधरा दिवसांत जागा पूर्ववत न झाल्यास परवानाधारकास पूर्वसूचनेशिवाय करार संपवता येईल. दोन्ही पक्ष आपापल्या पॉलिसीच्या पहिल्या पानाची प्रत एकमेकांना व सोसायटीच्या कार्यालयात देतील."

वकीलताईंनी तो वाचून दिला आहे. तुमच्या सोसायटीत भाडेकरूची फाइल उघडताना जी कागदांची यादी देता, तिच्यात एक ओळ वाढवा आणि हा परिच्छेद मालकांच्या हाती ठेवा. सक्ती करू नका, फक्त विचारा. समितीने विचारलं की मालकही मनावर घेतात, भाडेकरूलाही बोलायला धीर येतो. नोंदणी करून देणारा एजंट मसुदा टाइप करत असतो तेव्हा दोघंही घाईत असतात, त्या टेबलाशी हे सुचत नाही.

आमच्या सध्याच्या सोसायटीची समिती दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला कार्यालयात बसते. परिच्छेदाच्या वीस प्रती काढून मी येत्या रविवारी तिथे येते आहे. शेजारच्या सोसायट्यांपैकी कुणाला हव्या असतील तर त्यांनीही यावं.

आपली नम्र,
सिंहगड रस्त्यावरची एक भाडेकरू